बॅग मागून आली

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पूर्वी सायकली ठेवायचे. वहिनींनी तिथे इस्त्रीचं टेबल मांडलं तेव्हा सायकलवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण पुढे त्यांचेच शर्ट कडक इस्त्री होऊन हातात येऊ लागले आणि कुरकुर आपोआप मिटली. वहिनी म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी. म्हाताऱ्यांच्याही आणि शाळकरी पोरांच्याही. त्यांना नावाने हाक मारणारा माणूस एकच होता, आणि तो परदेशात वेल्डिंगच्या कामाला होता.

तो गेला तेव्हा त्यांची मुलगी ठकी चार वर्षांची होती. दोन वर्षांचं काम, मग सुट्टी, असं ठरलं होतं. पण काम वाढलं, साहेब बदलला, सुट्टी पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. दर शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा. आधी त्याची आई बोलायची, मग ठकी. ठकीचं बोलणं म्हणजे दातांचा अहवाल. कुठला हलतोय, कुठला पडला, कुठला गिळला. शेवटी वहिनींच्या हातात फोन यायचा तेव्हा बोलण्यासारखं सगळं संपलेलं असायचं, आणि मग दोघं भांडायची.

शेवटचं भांडणही तसंच झालं. वहिनी म्हणाल्या, "यायचं नसेल तर तसं सरळ सांग. निदान वाट तरी बघत बसणार नाही."

तिकडून तो हसला. म्हणाला, "अगं, एक गंमत आहे. नंतर सांगतो."

"मला नकोत तुझ्या गमती," असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वहिनींनी लावला तर बंद. शेवटी त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या एका माणसाचा नंबर कुठून तरी मिळवला. तो म्हणाला, "तो तर नोकरी सोडून गेला. सगळा हिशोब चुकता करून गेला. हसत हसत गेला."

ही बातमी जिन्यावरून चढता चढता दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटापर्यंत पोचली. तो माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. तो चारचौघांत म्हणाला, "हसत गेला? मग घरी नक्कीच नाही गेला."

सगळे हसले. वहिनी नेमक्या खाली पाणी भरत होत्या. त्यांनी बादली उचलली, वर गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मनात ती 'गंमत' बाईचा चेहरा घेऊन बसली.

पोलिसांकडेही गेल्या होत्या. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तिकडची भानगड तिकडे विचारा. माणूस तिकडे हरवला तर आम्ही इथे काय शोधणार?" हे त्यांनाही पटलं. कोणालाही पटलं असतं.

घरात सासूबाई होत्या. ठकीच्या आजी. गुडघ्यांनी बेजार, पण बोलायला खमक्या. त्यांचं एकच पालुपद होतं: "माझा मुलगा तसा नाही."

"मग कसा आहे?" वहिनी विचारायच्या. "कुठे आहे? आकाशात?"

"येईल तो."

"आई, ज्याला यायचं असतं तो फोन बंद करत नाही."

जेवायला बसलं की हे सुरू व्हायचं. ठकी आपली ताटात मान घालून जेवायची. दूधवाला नवीन आला, त्याने दारात विचारलं, घरात माणसं किती? वहिनी 'तीन' म्हणेपर्यंत आतून आजी ओरडल्या, "चार! आम्ही चौघं आहोत." दूधवाल्याने चौघांच्या मापाने दूध घातलं, आणि उरलेल्या दुधावरून पुन्हा भांडण.

वहिनींनी लग्नातल्या फोटोवर उलटं कॅलेंडर अडकवलं. इस्त्री सुरू केली. आधी आमच्या इमारतीची, मग समोरच्या दोन इमारतींची. आणि त्यातूनच त्यांना त्या दुकानाचा शोध लागला.

गावाबाहेर, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठी पत्र्याची शेड होती. विमानाने आलेलं जे सामान कोणी न्यायला येत नाही, ते कंपन्या बरेच महिने सांभाळतात, मग घाऊक विकून टाकतात. ते विकत घेणारा एक शेटजी होता. बॅगा उघडायच्या, कपडे धुऊन टांगायचे, बाकीच्या वस्तू फळ्यांवर मांडायच्या आणि रविवारी शेड उघडायची. दारावरच्या पाटीवर काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं, पण सगळे त्याला 'हरवल्याचं दुकान' म्हणायचे.

वहिनी पहिल्यांदा गेल्या त्या ठकीला कोट बघायला. आत शिरल्या आणि बघतच राहिल्या. एका भिंतीला नुसते चष्मे. एका टेबलावर घड्याळं, त्यातली काही अजून कुठल्यातरी दूरच्या देशाची वेळ दाखवत चाललेली. अर्धवट विणलेला स्वेटर, सुयांसकट. कुणाचा तरी लग्नाचा पांढरा झगा, अजून कागदात गुंडाळलेला. एका पेटीत दातांच्या कवळ्या होत्या. विमावाल्याला हे कळलं तेव्हा त्याने सासऱ्यांच्या मापाची मिळेल का म्हणून चौकशी केली होती, आणि ती थट्टा नव्हती.

वहिनींचं डोकं व्यवहारी. त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या कापडाचा शर्ट इथे चुरगळून पडतो म्हणून कोणी बघत नाही. तोच नीट धुऊन, बटण लावून, इस्त्री करून टांगला तर माणूस खुशीने घेतो. मग त्या महिन्यातून एकदा तरी जायला लागल्या. कॉलर उलटून बघायची, काखेची शिवण ताणून बघायची, पँट असेल तर कमरेची पट्टी आतून चाचपायची. घासाघीस अशी करायच्या की शेटजी म्हणायचा, "वहिनी, तुम्ही आलात की मला माझंच सामान हरवल्यासारखं वाटतं."

तिथे बॅगा उघडायचं काम करणारी एक बाई होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिला सगळे चावीवाली मावशी म्हणत. तिची आणि वहिनींची गट्टी जमली. माल नवा आला की मावशी आधीच सांगून ठेवायची, "येत्या रविवारी लवकर ये."

आजींना मात्र हे अजिबात आवडायचं नाही. तिथून आणलेल्या कपड्याला त्या हात लावत नसत. "कुणीतरी वाट बघत असेल त्या कपड्यांची," त्या म्हणायच्या.

"वाट बघणाऱ्यांनी नेले असते तर दुकानात आले असते का?" वहिनी म्हणायच्या आणि इस्त्री आपटायच्या.

अशी तीन वर्षं गेली.

एका रविवारी मावशीने मुद्दाम निरोप पाठवला होता. विमानतळावरचं जुनं गोदाम पाडायचं होतं म्हणून तिथे मागे राहून गेलेला वर्षानुवर्षांचा माल एकदम शेडमध्ये आला होता. वहिनी सकाळीच पोचल्या. गर्दी अशी की कोपरानेच वाट काढावी लागत होती. त्या पुरुषांच्या पँटींच्या दांडीपाशी उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे एकेक कमर चाचपायला लागल्या.

एका राखाडी पँटीच्या कमरेत आतून हाताला जाड लागलं. त्यांनी पट्टी उलटली. आत हाताने शिवलेला खिसा होता. निळ्या कापडाचा, त्यावर बारीक पांढरी पानं.

ते त्यांच्या उशीच्या अभ्र्याचं कापड होतं. नवरा जायच्या आदल्या दिवशी घरात धड चिंधी सापडत नव्हती, म्हणून त्यांनी जुना अभ्रा कापून हा खिसा शिवला होता. पासपोर्ट आणि पैसे अंगाशी राहावेत म्हणून. तो उभ्या उभ्या म्हणत होता, "अगं पुरे, किती टाके घालतेस? मी काय खिसा सांभाळायला चाललोय?" आणि त्या तोंडात सुई धरून म्हणाल्या होत्या, "हलू नकोस, टोचेल."

वहिनी पँट हातात धरून उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्ही घेताय का ती? नाहीतर मला बघू द्या."

"माझी आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा वेगळा होता की ती बाई मागे सरली.

त्या थेट मागच्या बाजूला मावशीकडे गेल्या. मावशी जमिनीवर बसून एका बॅगेची चेन उकलत होती. वहिनींनी पँट तिच्या पुढ्यात धरली.

"मावशी, ही कुठल्या बॅगेतली?"

"आता कसं सांगू बाई? शेकड्याने उघडल्यात."

"आठव. राखाडी पँट. आत निळा खिसा."

मावशीने चेहऱ्याकडे बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खिसा बघितल्यावर तिला आठवलं. "हां, ही ती. दोरीने बांधलेली काळी बॅग. तिच्यात लहान मुलीचे पिवळे बूट होते, आत गोळ्या कोंबलेल्या. उन्हाळ्यांनी वितळून पार चिकट झालेल्या. मीच खरवडून काढल्या." मग म्हणाली, "कायमचा घरी निघालेल्या माणसाची बॅग होती ती."

"हे तुला काय ठाऊक?"

"अर्धा वापरलेला साबण होता, चादर होती, चहाचा कप होता. परत जायचं असतं तो माणूस अर्धा साबण बरोबर आणत नाही, वहिनी. तिकडेच ठेवून येतो."

"आणि बॅग आली कुठून? कुठल्या गावाहून?"

"आपल्याच विमानतळावरची. इथे उतरलेलंच सामान येतं आपल्याकडे."

वहिनी तिच्यासमोर खाली बसल्या. "म्हणजे तो इथे आला होता?"

मावशीला तोवर 'तो' म्हणजे कोण ते कळलं होतं. तिने नुसती मान हलवली.

दोघींनी मिळून शेड धुंडाळली. बूट मुलांच्या फळीवर सापडले. लोकरीचे गुडघ्यांचे पट्टे औषधांच्या टेबलावर, कमरपट्ट्यांच्या ढिगात. बायकांच्या कपड्यांच्या दांडीपाशी मावशी आठवायला लागली, तोवर वहिनींनी हात घालून एक स्वेटर बाहेर ओढलाही होता. पोपटी रंगाचा. वहिनींना पोपटी रंग मुळीच आवडत नसे. हे त्या नवऱ्याला लग्नापासून सांगत आल्या होत्या आणि त्याच्या ते एकदाही लक्षात राहिलं नव्हतं.

"हाच होता," मावशी म्हणाली. "तुला कसं कळलं?"

वहिनींनी स्वेटर बाकीच्या वस्तूंवर ठेवला. सगळं घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. मावशी म्हणाली, "अगं थांब, मी शेटजींना सांगते, तुझंच सामान आहे हे." वहिनींनी नकारार्थी मान हलवली. पुढे एक जण टोस्टरवरून वाद घालत होता, तो संपेपर्यंत त्या थांबल्या. शेटजीने वस्तू बघितल्या आणि सवयीने म्हणाला, "आज घासाघीस नाही, वहिनी? तब्येत बरी आहे ना?" त्यांनी तो म्हणेल ते दिलं. स्वतःच्या नवऱ्याने त्यांच्याचसाठी आणलेला स्वेटर त्यांनी विकत घेतला आणि पिशवी छातीशी धरून बाहेर आल्या.

त्या वेळी त्यांच्या मनात दुःख नव्हतं. संताप होता. माणूस तीन वर्षांपूर्वी इथे उतरला. याच गावात. आणि बायकोपोरीच्या वस्तूंची बॅग तशीच टाकून कुठेतरी चालता झाला. तिकडे राहिला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पण इथे येऊन? दुसऱ्या दिवशी त्या विमानतळावर गेल्या त्या त्याला पकडायला. काय बोलायचं तेसुद्धा बसमध्ये ठरवून झालं होतं.

सामानाच्या ऑफिसात एक तरुण मुलगी होती. तिने नाव विचारलं, संगणकात बराच वेळ शोधलं. मग म्हणाली, "हो, आले होते. पण त्या दिवशी त्यांची बॅग विमानात चढलीच नव्हती. मागे राहिली. दुसऱ्या दिवशी आली."

"म्हणजे?"

"म्हणजे ते आले आणि बॅग मागून आली. त्यांनी आमच्याकडे तक्रार नोंदवली होती. आम्ही घरी पोचवतो म्हणालो, तर ते म्हणाले, नको, मीच उद्या येऊन नेतो. नंबर दिला होता तो परदेशातलाच. आम्ही खूपदा लावला." तिने पडद्यावरून नजर काढली. "ते आलेच नाहीत."

 माणूस बॅग टाकून गेला नव्हता. तो उद्या न्यायला येणार होता. बूट, पट्टे, स्वेटर, अर्धा साबण, सगळं न्यायला. आणि ज्याला एवढं सगळं हवं होतं, तो माणूस उद्या आला नाही. बसमध्ये ठरवलेलं एकेक वाक्य त्यांच्या तोंडातून नाहीसं झालं.

त्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि स्वतः उठून त्यांना विमानतळावरच्या पोलीस चौकीत घेऊन गेली. तिथे निवृत्तीला टेकलेला एक हवालदार होता. तारीख ऐकून त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"समोर रस्ता ओलांडताना एक जण सापडला होता," तो म्हणाला. "बस स्टॉपवर जायला निघाला होता. ट्रकने उडवलं. हातात एक लहान पिशवी होती म्हणे, पण गर्दी पांगेपर्यंत ती कोणी लांबवली ते कळलं नाही. खिशात बसच्या भाड्यापुरते सुटे पैसे. बाकी कागदाचा कपटा नाही."

"बस स्टॉप?"

"हो. टॅक्सीवाले म्हणत होते, त्यांनी हटकलं त्याला. तर म्हणाला, सामान काहीच नाही बरोबर, टॅक्सी कशाला? बसने जातो."

दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवलं होतं. शुद्धीवर आला नाही. मग महिनाभर शवागारात, मग पालिकेने नेलं. हे सगळं सांगणारा माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरत होता, बेवारस. वहिनींना त्याला सांगावंसं वाटलं, वारस होते हो, तिघी जणी होत्या, एका बसच्या अंतरावर. एक रोज म्हणत होती तो येईल, एक म्हणत होती तो येणार नाही, आणि तिसरी ताटात मान घालून दोघींचं ऐकत होती.  फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो पुष्कळ वेळ बघितला. दाढी गुळगुळीत होती, केस नुकतेच कापलेले होते. घरी यायचं म्हणून न्हाव्याकडे जाऊन आला होता.

"हेच का?"

"हेच," वहिनी म्हणाल्या.

घरी परतताना त्यांना एकच प्रश्न होता. आईंना काय सांगायचं? तीन वर्षं त्या एकट्या म्हणत होत्या की माझा मुलगा तसा नाही, आणि आता त्यांचंच खरं ठरलं होतं. वहिनींचं खरं ठरलं असतं, तो लबाड निघाला असता, कुणा बाईबरोबर राहत असता, तर निदान जिवंत तरी असता. बसमध्ये त्या मनातल्या मनात विनवत होत्या, मीच बरोबर असू दे, मीच बरोबर असू दे.

आजी दारातच होत्या. "दिवसभर होतीस कुठे?"

वहिनींनी चपला काढल्या. तोंडातून जे बाहेर पडलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "तुमच्या मुलाचा पत्ता लागला, आई."

आजींनी भिंत धरली.

"दुसऱ्या गावी आहे. एक बाई आहे. मूलही आहे त्यांना."

आजींनी पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "धडधाकट आहे ना?"

"आहे."

"जेवतो खातो ना नीट?"

"हो आई. सुखात आहे."

आजींनी हळूच मान हलवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. वहिनींना वाटलं, झालं. आईंचा मुलगा वाचला. आपण बायको म्हणून काय रडायचं ते इस्त्रीच्या वाफेत रडून घेऊ.

पण झालं भलतंच. आजी बदलल्या. मुलाचं नाव त्यांच्या तोंडून गेलं. एवढे दिवस त्याच्या लहानपणच्या गोष्टी ठकीला सांगायच्या, त्या बंद झाल्या. सकाळी दूधवाल्याला त्यांनी स्वतः सांगितलं, "कमी घालत जा. तिघीच आहोत." आणि एका दुपारी त्या वरून समोरच्या म्हातारीशी बोलत असताना वहिनींनी त्यांना म्हणताना ऐकलं, "माझ्यापुरता मेला तो. असला मुलगा जन्मालाच आला नसता तर बरं झालं असतं."

वहिनी खाली इस्त्री करत होत्या. जळक्या कापडाचा वास आला तेव्हा त्यांनी खाली बघितलं. शाळेतल्या मास्तरांचा शर्ट होता, आणि पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

त्यांनी इस्त्री बंद केली. टेबलाखाली लपवलेली पिशवी घेऊन त्या वर गेल्या. आजींच्या समोर जमिनीवर बसल्या आणि गुडघ्यांचे लोकरीचे पट्टे काढून त्यांच्या मांडीवर ठेवले.

"हे काय?"

"तुमच्यासाठी आणले होते त्यांनी. आई, मी खोटं बोलले."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. बॅग, विमान, रस्ता, दवाखाना. काही गाळलं नाही. आजी मध्ये एकदाच बोलल्या.

"घरीच येत होता ना?"

"घरीच."

"बसने?"

"आपल्याच बसने."

आजींनी पट्टे मुठीत धरले. मग एकदम त्यांचा चेहरा कसातरी झाला आणि त्यांनी वहिनींच्या दंडावर जोरात फटका मारला. पुन्हा मारला. "मला शिव्या द्यायला लावल्यास तू त्याला! गेलेल्या पोराला मी मर म्हणाले! तीन वर्षं मी एक वाईट शब्द काढला नव्हता गं!"

वहिनींनी हात वर केला नाही. मार संपला तेव्हा म्हातारीने त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी त्या माणसासाठी एकत्र रडल्या.

संध्याकाळी ठकी खेळून आली. ती आता बरीच उंच झाली होती. तिने सगळं ऐकलं, फारसं काही विचारलं नाही. बूट हातात घेऊन आत बोट घातलं, बोटाला अजून थोडा गोड चिकटपणा लागला. मग पाय घालून बघितला. टाच निम्मी बाहेर राहिली.

"तेव्हासुद्धा झाले नसते हे मला," ती म्हणाली. "बाबांना मी एवढीच वाटत होते?"

"तू दातांचंच सांगायचीस गं फोनवर," वहिनी म्हणाल्या. "पायांचं कोणी सांगितलंच नाही त्यांना."

इमारतीत बातमी पसरली. विमा एजंट जिन्याखाली आला, इस्त्रीच्या टेबलापाशी नुसता उभा राहिला. त्याला माफी मागायची होती, पण जन्मात ती कधी मागितली नसल्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाला, "वहिनी, शर्ट आहेत का काही झालेले?" वहिनींनी त्याचे शर्ट त्याच्या हातात दिले. तो ते घेऊन तसाच डोळे पुसत वर गेला.

पुढे एका रविवारी तिघी जणी गावाबाहेरच्या पालिकेच्या मैदानावर गेल्या. ज्यांचं कोणी नसतं त्यांना तिथे पुरतात. वहिनींनी पोपटी स्वेटर घातला होता. त्या जिना उतरल्या तेव्हा आम्ही तो रंग त्यांच्या अंगावर पहिल्यांदाच बघत होतो आणि खरं सांगायचं तर तो त्यांना मुळीच शोभत नव्हता. फाटकाशी राखणदार होता. वहिनींनी त्याला महिना सांगितला, साल सांगितलं, आणि विचारलं, कुठे?

राखणदार बिचारा भला होता. त्याने डोकं खाजवलं. "तेव्हाच्या खुणा पुराच्या पाण्यात वाहून गेल्या, बाई," असं म्हणून त्याने हात लांब केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या मैदानावरून फिरवला. "यातच कुठेतरी."

मैदान मोठं होतं. गवत वाढलेलं, मध्ये मध्ये उंचवटे. वहिनी फाटकाशीच थबकल्या. कुठे बघून रडायचं तेच त्यांना कळेना.

आजींनी काठी ठकीच्या हातात दिली आणि खाली वाकल्या. पहिल्या उंचवट्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला. मग उठून दुसऱ्यावर ठेवला. मग तिसऱ्यावर.

"आई, गुडघे दुखतील," वहिनी म्हणाल्या.

"दुखू देत," आजी म्हणाल्या. "सगळ्यांना हात लावते. त्यात तोही येईलच की."

वहिनींनी पदर खोचल्यासारखे स्वेटरचे हात वर सरकवले आणि शेजारची रांग धरली. ठकी दोघींच्या मधून चालू लागली. ऊन चढत गेलं. पलीकडच्या कुंपणापर्यंत पुष्कळ रांगा अजून बाकी होत्या.